समितीचा आमदार नक्की करायचा काय? (बाबांच्या ट्रंकेतलं एक पत्र)

शेताडीतला

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. दिवाळीला गावी गेल्तो, आईनं माळ्यावरची बाबांची लोखंडी ट्रंक खाली काढायला लावली, म्हटली उंदरं लागायच्या आधी काय ते बघ. आत हँडबिलं, वर्गणीच्या पावत्या, सीमालढ्यातल्या १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाचा एक बिल्ला, आणि आमदारांच्या लेटरहेडवरचं एक पत्र, १९८७ सालचं. फोटो खाली टाकलाय, पुढची बाजू आणि मागची.

आमचे बाबा आमच्या बेळगाव भागातल्या समितीच्या (महाराष्ट्र एकीकरण समिती, सीमाभाग कर्नाटकातनं महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी) एका आमदारांचे चिटणीस होते, म्हणजे पगारी नव्हे, तसेच, फुकटचे. आमदारांचं नाव मुद्दाम घालत नाही, नातवंडं गावातच आहेत आणि ही गोष्ट त्यांची एकट्याची पण नाही, त्या पिढीतले बरेच जण असेच होते. सत्याग्रहात हिंडलग्याच्या जेलात गेले, सुटून आले तेव्हा बैलगाडीतनं मिरवणूक, मग सोसायटीचे चेअरमन, मग तालुका बोर्ड, मग एका रात्री समितीच्या बैठकीत पंचांनी नाव पुढं केलं आणि हे आमदारकीला उभे. खर्चाला पैसा गावोगावच्या वर्गणीचा, प्रचाराला भाकरी ज्याची त्यानं बांधून आणायची. निवडून आले तेव्हा घरावर कौलं होती आणि पडले तेव्हा पण कौलंच होती.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो हे सगळं ऐकून म्हटला, मामा, पण हे लोक बेंगळूरला जाऊन करायचे काय? ज्या राज्यातनं बाहेर पडायचंय त्याच राज्याच्या विधानसभेत बसून काय करणार? मला पटकन उत्तर देता आलं नाही. मला आठवतंय ते एवढंच की बाबा त्यांची बॅग घेऊन रात्रीच्या गाडीला बसायचे, आणि सकाळी सातपासून आमच्या पडवीत चपलांचा ढीग असायचा. तर जाणत्यांनी सांगा. राजकारण करू नका असं म्हणत नाही, विषयच तो आहे, पण शिव्या नकोत.

---

नंदगडकर

छान धागा. आमच्या खानापूरचं सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्याला म्हैसूर राज्यात (म्हणजे आताचं कर्नाटक) घातलं आणि चारच महिन्यांत, १९५७ ला, इलेक्शन आलं. तोवर आमची माणसं मुंबईच्या विधानसभेत जायची, भाषेचा प्रश्नच नव्हता. तेव्हा पण हाच वाद झाला असणार की उभं राहायचं की बहिष्कार टाकायचा, आणि ठरलं ते असं की उभं राहायचं आणि निवडून येऊन दाखवायचं, म्हणजे दिल्लीला कळेल इथल्या लोकांना काय पायजे ते. मतपेटी म्हणजेच सार्वमत. बेळगाव शहरातनं बा. र. सुंठणकर, खानापुरातनं बिर्जे, निपाणीतनं बळवंत नाईक, हे सगळे त्याच लाटेत गेले. त्या वेळी सभागृह २०८ जणांचं होतं, आता २२४ चं.

म्हणून तुमच्या भाच्याला सांगा, पहिल्या पिढीचं काम निवडून येणं हेच होतं. पुढचं सगळं बोनस. आमच्या खानापूरनं तर पुढं २००८ पर्यंत बहुतेक वेळा समितीचाच माणूस पाठवला, जंगलातली गावं, कणकुंबी जांबोटीकडची, पावसाळ्यात वाट नसायची, तरी मतदान. आमची आजी डोकीवर इरलं घेऊन गेल्ती म्हणे मत द्यायला.

---

टिळकवाडी_तिसरं_गेट

निवडून येणं हेच काम 😀 मग पाच वर्षं काय बोटावरची शाई बघत बसायचे काय ओ?

जरा कायद्याचं सांगतो, वकिली केलीय थोडीफार. घटनेचं कलम २१० बघा. राज्याच्या विधिमंडळात कामकाज राज्याची राजभाषा, नाहीतर हिंदी किंवा इंग्रजी, यातनं चालतं. ज्याला यातलं कायच धड येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. देऊ शकतात, हं. म्हणजे मराठी बोलायचं असेल तर आधी उठून मला तुमची भाषा येत नाही असं कबूल करायचं आणि मग विनंती करायची. आता हा माणूस स्वाभिमानावर निवडून आलेला. आणि परवानगी मिळाली, बोलला, तर समोरच्या दोनशे लोकांपैकी किती जणांना कळणार? टाळ्या नाहीत, टोमणे नाहीत, नुसती शांतता. गर्दीपुढं तासभर बोलणाऱ्या माणसाला याच्यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

शिवाय पक्ष नाही म्हटल्यावर बोलायला वेळ पण शेवटी, चहाच्या सुमारास, दोन-चार मिनिटं. मंत्रिपदाचा तर प्रश्नच नाही. सत्तेत जायचं नाही, विरोधी पक्षाचं पण व्हायचं नाही. असं करिअर दुसरं कुठल्या आमदाराचं नसेल, जिथं बढतीची पायरीच नाही.

---

वडगावचा_मागवाला

सगळं खरं पण एक बोलू काय, राग मानू नका. माझे चार पॉवरलूम हायत. ताग्याला भाव न्हाई, सुताचा दर दर आठवड्याला वेगळा, आणि पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी पार शेतात. मी तीस वर्षं समितीला मत दिलं, वडलांनी दिलं, आज्जानं दिलं. पण नाल्याचं काय झालं विचारलं की उत्तर काय तर बाळ, सीमाप्रश्न सुटला की सगळं सुटंल. अवो सुटंस्तोवर गटार तुंबलंय त्याचं काय?? मग समोरचा पक्षवाला येतो, तो पण मराठीतच बोलतो, शिवजयंतीला भगवा बांधतो, आणि गल्लीत पेव्हर घालून देतो. माणूस काय करंल सांगा. मी दोनदा तिकडं मत दिलं. घरात सांगितलं नव्हतं, आज इथं सांगतोय.

---

शेताडीतला

@वडगावचा_मागवाला, राग कसला, उलट धाग्याला हेच पायजे होतं. पण एक सांगतो, आमच्या पडवीत सीमाप्रश्नावर बोलणारे कमी आणि गटारवालेच जास्त असायचे. रेशन कार्ड, उतारा, पोरीचा दाखला, कुणाच्या म्हशीचं लोन. बाबा मराठीत मसुदा करायचे आणि बैलहोंगलकडचा एक मुलगा होता तो कन्नड टायपिंग करायचा. लेटरहेडला दोन्ही भाषा, डावीकडं मराठी. आमदार सही करायच्या आधी प्रत्येकाला विचारायचे, "जेवलास काय?" आणि मग सही. सही देवनागरी. ती बघून ऑफिसातल्या माणसाच्या कपाळाला आठी पडायची असं बाबा अभिमानानं सांगायचे, आणि त्या आठीमुळं काम किती लांबायचं ते सांगायचे नाहीत.

---

मच्छे_ते_हलगा

आमदाराच्या हातात काय असतं ते लोकांना माहीतच नसतं म्हणून हा गोंधळ होतो. मी ग्राम पंचायतीत एक टर्म काढलीय. तालुक्याची केडीपी मीटिंग, म्हणजे सरकारी कामांचा आढावा, आमदाराच्या अध्यक्षतेखाली. बगर हुकूमच्या, म्हणजे परवानगीशिवाय कसलेल्या सरकारी जमिनीची कमिटी, अध्यक्ष आमदार. आश्रय योजनेतली गरिबांची घरं कुणाला द्यायची त्या कमिटीत पण तोच. वर वर्षाला दोन कोटींचा आमदार निधी, समाजमंदिर नाहीतर रस्ता. म्हणजे बेंगळूरला त्याला कोण विचारू दे नको, तालुक्यात तो राजा असतो. असू शकतो. पण कागद सगळे कन्नडमध्ये. जो आमदार कन्नड वाचायचा तो तहसीलदाराला जाग्यावर धरायचा, आणि जो नाही वाचायचा त्याला तहसीलदार सांगंल तेच खरं. समितीच्या काही जणांना कन्नड उत्तम यायचं हे पण लिहून ठेवा, घरात मराठी आणि बाजारात कन्नड हे आपल्याकडं सगळ्यांचंच हाय की. फक्त ते स्टेजवर सांगायचं नसायचं.

आणि २००८ ची मतदारसंघ पुनर्रचना विसरू नका. उचगाव गेलं, बागेवाडी गेलं, शहराचे उत्तर दक्षिण झाले, ग्रामीण वेगळा झाला. ज्या गावांत समितीची पक्की मतं होती ती वाटली गेली. त्या वर्षी समितीचा एकपण आला नाही. हे नुसतं लोक बदलले म्हणून झालं नाही, नकाशा पण बदलला.

---

निपाणीची_लेक

आमच्या निपाणीकडं कुणी बघतच नाही, सगळं बेळगाव बेळगाव. १९८१ ला तंबाखूचं आंदोलन झालं, शरद जोशी आल्ते, हायवेवर बैलगाड्या घेऊन शेतकरी बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला. त्यात मराठी कन्नड कोण विचारलं? तंबाखूला भाव पायजे एवढंच. माझं म्हणणं आमच्याकडं भाषेचं राजकारण तेव्हाच जरा मागं पडलं आणि पोटाचं पुढं आलं. आता आमच्या आमदार शशिकला जोल्ले, २०१३ पासून तीनदा निवडून आल्या, मंत्री पण झाल्या. घरोघरी मराठीतच बोलतात. पटो न पटो, पण निपाणीच्या बाईमाणसाला मंत्री होता आलं ते राष्ट्रीय पक्षात होत्या म्हणून.

मी काय त्यांची कार्यकर्ती नव्हे हं, आधीच सांगतो.

---

कोल्हापूरकर_पैलवान

एवढं सगळं वाचून एकच प्रश्न, महाराष्ट्रात या की मग. आम्ही वाट बघतोय 😊

---

टिळकवाडी_तिसरं_गेट

@कोल्हापूरकर_पैलवान हो की, कागलच्या नाक्यावर येऊन उभे राहतो, तुम्ही तेवढा चहा सांगून ठेवा.

अहो, २००४ पासून सुप्रीम कोर्टात तुमच्या महाराष्ट्राचा दावा आहे. डिसेंबर २०२२ ला तुमच्या विधिमंडळानं ठराव केला, ८६५ गावं महाराष्ट्रात घ्यायचा, एकमतानं. त्याच महिन्यात तुमचे दोन मंत्री बेळगावला येणार होते ते आले नाहीत. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा, आम्हाला मान्य नाही आणि त्यांना तोच मान्य. आमच्या आज्ज्याच्या पिढीला वाटलं पाच वर्षांत होईल. सीमालढ्याचे नेते एन. डी. पाटील सर गेले ते पण १७ जानेवारीला, २०२२ साली, हुतात्मा दिनाच्याच दिवशी. तेव्हा वाट बघतोय वगैरे आम्हाला सांगू नका, वाट बघण्यात आम्ही पीएचडी आहोत.

---

नंदगडकर

विषयावर येऊया. संभाजी पाटलांचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. आधी नगरसेवक, मग महापौर, तेही एकदा नव्हे, आणि मग २०१३ ला बेळगाव दक्षिणचे आमदार. त्याच वेळी आमच्याकडनं अरविंद पाटील. २०१९ ला संभाजीराव गेले. महापालिका हीच समितीची खरी शाळा होती. तिथं पक्षाचं चिन्ह नसायचं, गल्ली आणि माणूस बघून मत पडायचं. मराठी नगरसेवकांचा गट बसला की महापौर आपला. आणि महापौर म्हणजे ठराव करायची ताकद, २००५ ला महाराष्ट्रात जायचा ठराव केला तर बेंगळूरला महापौरांच्या तोंडाला काळं फासलं आणि वर महापालिकाच बरखास्त. ते बघितलेलं पोरगं राजकारणात येताना दहादा विचार करंल की नाही?

२०२१ ला पहिल्यांदाच पक्षांनी चिन्हावर महापालिका लढवली, ५८ पैकी ३५ भाजपला. शाळाच बंद पडली म्हटल्यावर आमदार कुठनं तयार होणार.

---

मच्छे_ते_हलगा

+१. आणि २०१३ ते १८ त्या दोघांना काय काय बघावं लागलं ते पण सांगा की. २०१४ ला येळ्ळूर गावचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढला, घरात घुसून लाठ्या बसल्या लोकांना. २०१७ ला एका मंत्र्यांनी, रोशन बेग, इथंच येऊन सांगितलं की जय महाराष्ट्र म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधीचं पद घालवायचा कायदा आणणार. दोन शब्दांसाठी कायदा! दुसऱ्या दिवशी बारकी पोरं पण गल्लीत तेच ओरडत फिरायला लागली.

आणि गंमत बघा. आधी विधानसभा ५०० किलोमीटर लांब. २०१२ ला सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटकाची दुसरी विधानसभेची इमारत, आमच्या हलग्याजवळ बांधलं, राष्ट्रपती आल्ते उद्घाटनाला. आमच्या रानातनं दिसतंय ते. डिसेंबरात अधिवेशन भरलं की पोलिसांच्या गाड्यांची लाईन, आमच्या ट्रॅक्टरला पण वाट नसते. आता एवढ्या जवळ आलं तर २०१८ पासून आत समितीचा कोणच नाही, २०२३ ला पण नाही. बाहेर समितीच्या महामेळाव्याला परवानगी मागायची आणि नाकारली की हायवेवर घोषणा द्यायच्या, अटक, संध्याकाळी सोडतात.

---

वडगावचा_मागवाला

कोणच न्हाई ते कुणामुळं ते पण बोला. २०१८ ला दोन समित्या, दोन गट, दोन उमेदवार. एकाच गल्लीत दोन मंडप आणि दोन्हीकडं शिवाजी महाराजांचा फोटो. मी विचारलं खरी समिती कुठली तर दोघं म्हटले आमची. २०२३ ला बेळगाव दक्षिणला एकच उमेदवार दिला तर बघा की, हरला पण बारा हजारच्या आसपासच्या फरकानं. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत तर एका तरुण पोराला लाखावर मतं पडली, पैसा नाही, काय नाही. मतं हायत ओ अजून. मी पण त्याला दिलं.

---

निपाणीची_लेक

@वडगावचा_मागवाला दोनदा तिकडं, एकदा इकडं. तुम्हीच खरे तरंगते मतदार 😂

---

वडगावचा_मागवाला

ताई, लोकसभा वेगळी आणि गटार वेगळं.

---

धारवाडची_सून

उशिरा आले. माहेर शहापूर, सासर धारवाड, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खाते. सगळं वाचलं. एक गोष्ट राहिली असं वाटतं, की समितीच्या आमदाराला जे करता येण्यासारखं होतं आणि झालं नाही ते म्हणजे भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क. पंधरा टक्क्यांवर लोक असतील तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळावेत, हा नियम आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडं आपण त्याच्या कितीतरी वर. पण हे मागायचं म्हणजे आपण या राज्यातले अल्पसंख्याक आहोत हे आधी मान्य करायचं, आणि तेच तर मान्य नव्हतं. परिपत्रकं मराठीत द्या म्हणून मोर्चे निघाले ते नंतर. माझ्या सासऱ्यांना (कन्नड लेखक वगैरे नाहीत, पोस्टात होते) मी हे सांगितलं तर म्हणाले, "मागायला पाहिजे होतं, द्यावं लागलं असतं."

बरं, @शेताडीतला, तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला कन्नडमध्ये काहीतरी लिहिलंय, त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत?

---

शेताडीतला

हो ते राहिलंच. ते पत्र आमच्याच कामाचं आहे. आमच्या वरच्या रानातल्या विहिरीवर पंपसेट बसवायला करंट कनेक्शन पायजे होतं. बाबांनी सगळ्या गावाची पत्रं लिहिली पण स्वतःच्या कामाचं कधी मागितलं नाही, हे एकच. आमदारच म्हटले म्हणे, अरे तुझं पण लिही की एक. करंट ऑफिसात दिलं तर तिथल्या कुणी साहेबानं मागं चार ओळी खरडून, शिक्का मारून, पत्र हातात परत दिलं. तोंडानं काय बोलला नाही.

जून १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनाला तेव्हा वर्षच झाल्तं. लाठ्या, गोळीबार, कर्फ्यू सगळं बघितलेलं. बाबा म्हटले पत्र परत दिलं आणि कन्नडात लिवलं म्हणजे नाकारलं, आणखी काय असणार. टायपिंगच्या पोराला पण दाखवलं नाही, आमदारांना तर नाहीच, त्यांना वाईट वाटेल म्हणून. ट्रंकेत ठेवून दिलं, पुरावा म्हणून. आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलोय, बघा, चिटणीसाचं काम पण यांनी केलं नाही. मला छापील कन्नड वाचता येतं, शाळेत होतं, पण हा फराटा म्हणजे मोडीचा भाऊ. काय लागत नाही. तुम्हाला लागतंय काय?

---

धारवाडची_सून

फोटो मोठा करून बघितला. शाई फुटलीय थोडी, एक शब्द लागत नाही, म्हणून सासऱ्यांनाही दाखवला, पोस्टात असे फराटे वाचण्यात हयात गेली त्यांची. दोघांचं एकच आलं. असं लिहिलंय:

"जागा पाहिली. विहिरीला पाणी आहे. मंजूर करण्यास हरकत नाही. चार खांब लागतील. अर्जदाराने उतारा घेऊन येऊन भेटावे."

खाली सही आणि तारीख. नाकारलेलं नाही हो.

---

टिळकवाडी_तिसरं_गेट

अरे देवा.

---

नंदगडकर

जागा पाहिली म्हणजे तो माणूस रानात येऊन गेल्ता.

---

वडगावचा_मागवाला

मग पाणी कसं पाजलासा तुम्ही एवढी वर्षं?

---

शेताडीतला

दोन दिवस काय लिहावं सुचलं नाही.

@वडगावचा_मागवाला, डिझेल इंजिन. बाबा पहाटे उठून हँडल मारायचे, थंडीत दहा दहा वेळा मारायला लागायचं, खांदा कायमचा धरला होता त्यांचा. कनेक्शन आलं ते मी कमवायला लागल्यावर, एजंटला पैसे देऊन. इंजिन अजून खोपीत हाय, त्यावर कोंबड्या बसतात.

काल रात्री आईला फोन करून सांगितलं काय लिहिलंय ते. बराच वेळ गप्पच. मग म्हणाली, चार खांब? आणि विचारलं, कुठनं आणणार होते रे ते, वरच्या वाटेनं काय ओढ्याकडनं?